ज्याचा गोटा त्याला

१

परदेशातून आलेली माणसं सहसा घरच्यांकडून सेवा करून घेतात. तुषारचं उलटं झालं. श्रावण लागता लागता तो पोर्तुगालहून सावरगावच्या घरी परतला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घरात कोणाला झाडू हातात धरायची सोय उरली नाही. उजाडायच्या आत अंगण झाडून, सडा टाकून तयार. चहा तयार. वडिलांचं आंघोळीचं पाणी तापलेलं. नलिनीचा शाळेचा डबासुद्धा भरलेला, आणि भाजीत मीठ अगदी बेताचं.

नलिनी त्याची बायको. तिगावच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. लग्नानंतर या माणसानं पाण्याचा पेलाही कधी आपल्या हातानं घेतला नव्हता, हे ती विसरली नव्हती. तुषार आधी एका खाजगी शाळेत पीटीचा मास्तर होता. मग योगाचं शिक्षण घेतलं आणि कुठल्याशा ओळखीतून पोर्तुगालच्या डोंगरातल्या एका योगाश्रमात गेला. पगार नव्हता. राहणं-खाणं आश्रमाचं, बदल्यात निष्काम सेवा. "राबाले सात समुद्रापार कायले जावं लागते? घरी काय काम कमी आहे?" असं नलिनी तेव्हा फणकाऱ्यानं म्हणाली होती. आता तेच काम तो घरी करत होता आणि तिला बोलायला तोंड राहिलं नव्हतं.

शेजारच्या शकुबाईंना तर कौतुक आवरेना. "असा नवरा मले सात जनमात नाई भेटाचा, बाई. कोणत्या देवाले नवस बोलली होती तू?"

नलिनी हसली. पण एक गोष्ट तिला खटकली होती, आणि ती इतकी बारीक होती की सांगायचीही लाज वाटावी. तुषार केर सुपलीत भरून उकिरड्यावर टाकायचा. केरात गोटा आला की मात्र त्याचा हात थांबायचा. गोटा उचलायचा, तळहातावर तोलायचा, बोटं मिटून पाहायचा. बहुतेक गोटे तो फेकून द्यायचा. एखादाच ठेवायचा. तो नळाखाली नीट धुवायचा आणि अंगणाच्या भिंतीशी मांडायचा. अशी तिथे हळूहळू एक रांग झाली.

"बगीचा करून राहिले का?" तिनं विचारलं.

"सेवा," तुषार म्हणाला, आणि तिचा कप धुवायला घेऊन गेला.

२

तिथल्या दिवसांबद्दल तो विचारलं तर सांगायचा. लपवालपवी काही नव्हती. पहाटे घंटा. मग मौन. कोणी संडास धुवायचे, कोणी गाजरं चिरायचे, कोणी सगळ्यांच्या चादरी वाळत घालायचे. मोठमोठे डॉक्टर, इंजिनियर, कुठकुठल्या देशांचे, गुडघ्यावर बसून फरशी पुसायचे. दुपारी जेवण झालं की सगळे आश्रमाच्या खालच्या कोरड्या नदीत उतरायचे. तिथली सेवा गोट्यांची.

"गोट्यांची म्हणजे?"

"शोधाचे, धुवाचे, ठेवाचे."

"आणि मंग?"

"मंग पोचवाचे."

नलिनीचे सासरे, यशवंतराव, खाटेवरून हे ऐकत होते. ते खो खो हसले. "म्हणजे पांढुर्ण्याची गोटमारच शिकून आला का बे तिकडून?" यशवंतरावांचा एक डोळा तरुणपणी गोटमारीत, म्हणजे पोळ्याच्या वेळच्या दगडफेकीत, गेला होता. कोणी हळहळलं तर ते म्हणायचे, "एक डोळा चंडीमातेले देला, दुसऱ्यानं तिलेच पाहून राहिलो." या गावात ही तक्रार समजत नाहीत.

तुषार हसला नाही. त्यानं फोनवर आश्रमाचे फोटो दाखवले. पांढऱ्या कपड्यातली माणसं ओळीनं उभी, मागे डोंगर, चेहऱ्यावर हसू. असेच चेहरे नलिनीनं दोन वर्षं व्हिडिओ कॉलवर पाहिले होते. आज मात्र ती एकेक फोटो बोटांनी मोठा करून पाहत होती. प्रत्येक फोटोत कोणा ना कोणाच्या डोक्याला पट्टी होती. आणि पुढच्या फोटोत तो माणूस नव्हता.

"ही गोरी बाई कुठं गेली?"

"घरी गेली."

"डोक्याले काय लागलं होतं तिच्या?"

"तिचं तिले भेटलं," तुषार म्हणाला. आवाजात माया होती. नलिनीनं स्वतःला समजावलं की डोंगराळ जागा, दगडधोंडे, पडत असतील माणसं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं फोटो पाहून घाबरू नये. तिनं फोन परत दिला.

३

गल्लीत एक लंगडं कुत्रं होतं. तुषार त्याला रोज सकाळी दूध-पोळी द्यायचा, गोचिड्या काढायचा. एका रविवारी नलिनी ओट्यावर चहा पीत बसली होती. समोर तुषार वडिलांच्या पायांना तेल चोळत होता. मागच्या बोळातून आवाज आला, देवळात नारळ फुटतो तसा. कुत्रं ओरडलंसुद्धा नाही.

नलिनी धावली. कुत्र्याचं डोकं एका बाजूनं आत गेलं होतं, एक डोळा बाहेर आला होता, आणि मागचे पाय अजून माती उकरत होते. डोक्याशी गोटा पडला होता. रक्त होतं, पण रक्ताखाली गोटा ओला होता, आत्ताच धुतल्यासारखा.

परत येऊन तिनं भिंतीकडे पाहिलं. रांगेत एक जागा रिकामी होती. तुषारचे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले होते. तो तिच्या डोळ्यांसमोरून हलला नव्हता.

"पोट्टे असतील," यशवंतराव म्हणाले. "पोळा जवळ आला. हात बसवून राहिले."

खरंच होतं. गोटमार जवळ आली की पोरं खांबावर, डब्यावर नेम धरतातच. नलिनीनं ते कारण घट्ट धरून ठेवलं. तुषार उठला, आपल्या पंच्यात कुत्र्याला गुंडाळलं, लिंबाच्या झाडाखाली खड्डा केला. तिनं त्याचा चेहरा न्याहाळला. राग नव्हता, दुःखही नव्हतं. देणं फेडल्यावर माणूस जसा मोकळा दिसतो तसा तो दिसत होता. तिला त्याची पहिल्यांदा भीती वाटली, खरीखुरी.

४

इथे गोटमारीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, वर झेंडी बांधतात. पांढुर्ण्याच्या पोरांनी कुऱ्हाड घेऊन झाडापर्यंत जायचं, ते तोडून झेंडी आणायची, सावरगावच्यांनी गोटे मारून त्यांना हाकलायचं. कोणे एके काळी पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवली होती, तिथून हे सुरू झालं असं सांगतात. नलिनीची उलटी गंगा होती. माहेर पांढुर्णा, सासर सावरगाव. त्या दिवशी तिचा जीव दोन्ही काठांवर टांगलेला असायचा.

कारण तिचा धाकटा भाऊ, कुलदीप, कुऱ्हाड घेऊन उतरणाऱ्यांतला होता. आई गेली तेव्हा तो चड्डीत होता. नलिनीनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, मारलं, रडवलं, मोठं केलं. आता तो संत्र्याच्या मंडीत पेट्या भरायचा, आणि दिवाळीनंतर लोधीखेड्याच्या पोरीशी त्याचं लग्न ठरलं होतं. तिच्या मनात कोणाला लेकराची जागा असेल तर ती कुलदीपला.

पोळ्याच्या आठवड्यात तो जेवायला आला. "या साली झेंडी मीच आणतो, ताई. मंगच घोडी चढतो."

"कायले जाते रे? होणाऱ्या बायकोचा तरी विचार कर."

"नाई गेलो तं चौकात तोंड कसं दाखवू? आपल्या घरचा मान आहे तो."

तुषारनं त्याला आग्रह करकरून वाढलं. निघताना कुलदीप पाया पडायला वाकला, तसे तुषारनं दोन्ही हातांचे तळवे त्याच्या डोक्यावर ठेवले. ठेवले ते उचललेच नाहीत. बोटं केसांतून फिरू लागली, कानाच्या मागे, मानेच्या वर, बाजारात खरबूज पारखावं तशी.

"काय शोधून राहिले, जीजाजी?" कुलदीप हसला.

"भेटलं," तुषार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रांगेच्या टोकाला नवा गोटा होता. काळसर, एका अंगानं चपटा.

"हा कोणाचा?"

"कुलदीपचा." चप्पल कोणाची हे सांगावं इतक्या सहज.

"तुम्ही मारणार त्याले? माह्या भावाले?"

तुषारला खरंच वाईट वाटलं. त्यानं झाडू बाजूला ठेवला. "मी कायले मारू? माहा साळा आहे तो. आपण फक्त पोचवणारे, नलू. राग नाई, हाव नाई. मनात राग आला का गोटा चुकते. म्हणून तं इतकी साधना करा लागते."

५

त्याच दिवशी तिनं तो गोटा पर्समध्ये टाकला आणि शाळेत जाताना नाल्यात भिरकावला. दुसऱ्या सकाळी तो रांगेत होता, धुतलेला.

दुसरा आणला असेल, तिनं ठरवलं. गोटे काय, सारखेच दिसतात. मग तिनं नेलपॉलिशचा लाल ठिपका त्याच्या चपट्या अंगावर लावला, वाळू दिला, आणि तिगावच्या शाळेमागच्या विहिरीत टाकला. पाण्याचा आवाज ऐकूनच ती वर्गात गेली. सकाळी गोटा अंगणात होता. ठिपका होता. ठिपक्याच्या कडेला शेवाळ होतं.

"हे काल घराबाहेर गेले होते का?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"नाई वं. दिवसभर माहे पाय दाबून राहिला."

बाबूजींना एकच डोळा, तोही दुपारी मिटलेला, असं तिनं मनाशी म्हटलं. पण विहीर खोल होती, आणि ते तिला माहीत होतं.

कुलदीपला सगळं सांगून पाहिलं. तो पोट धरून हसला. "जीजाजीले गोट्याचं पीक आलं म्हणते! ताई, तू शाळेत हेच शिकवते का?"

मग तिला युक्ती सुचली. गोटा फेकून उपयोग नाही, तर तो अशा ठिकाणी ठेवायचा जिथून तो कुलदीपला लागूच शकणार नाही. सावरगावचे गोटे पांढुर्ण्याच्या पोरांना लागतात. मग हा गोटा पांढुर्ण्याच्याच ढिगात गेला तर? आपल्या काठचा गोटा आपल्याच पोराला कसा लागेल? दोन काठांची लेक होती ती, तिला हे अगदी पक्कं वाटलं. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळ्यांच्या डब्याखाली गोटा ठेवून ती पुलावरून माहेरी गेली. घाटाजवळ पोरांनी गोट्यांचे ढीग घातले होते. कोणी पाहत नाहीसं पाहून तिनं तो एका ढिगाच्या तळाशी सारला.

सकाळी ती उठली ती थेट भिंतीकडे. टोकाची जागा रिकामी होती. गोटा परत आला नव्हता. आनंदानं तिला रडू फुटलं. तुषार झाडू घेऊन आला, रिकामी जागा पाहिली, आणि तिच्याकडे वळून हात जोडले, देवासमोर जोडावेत तसे. तिला त्याचा अर्थ कळला नाही आणि तिनं तो शोधलाही नाही.

६

घर नदीकाठचं. नलिनी गच्चीवर उभी राहिली आणि तिनं दिवसभर एकच गोष्ट पाहिली, तुषारचे हात.

खाली ढोल वाजत होते, "चंडीमाता की जय" चाललं होतं, आणि दोन्ही काठांवरून गोटे उडत होते. कोणाचं कपाळ फुटलं, कोणाचा जबडा. एक पोरगा दात हातात घेऊन नाचत होता. एकाच्या पायाचं हाड कातडीबाहेर आलं आणि चौघं त्याला उचलून पळाले. पाणी गढूळ होतं, त्यात लाल कुठे मिसळतं ते कळत नव्हतं. या सगळ्यात तुषार रिकाम्या हातांनी फिरत होता. जखमींना पाणी पाजत होता, देवीची भभूत जखमेत भरत होता, फुटलेल्या डोक्यांना मांडीवर घेत होता. त्यानं एक खडाही उचलला नाही. नलिनीच्या जिवात जीव येत गेला.

दुपार उतरली तेव्हा कुलदीप पाण्यात शिरला. निळा सदरा, कमरेला कुऱ्हाड. त्याला वाट मिळावी म्हणून पांढुर्ण्याच्या काठावरून गोट्यांचा मारा सुरू झाला. सावरगावची पोरं मागे हटली. खालच्या भिंतीवर, कौलांवर, पायऱ्यांवर गोटे आदळू लागले.

त्यातला एक घरंगळत त्यांच्या दाराशी येऊन थांबला. चपटं अंग वर. लाल ठिपका.

तेव्हा तिला ते आठवलं जे इथलं शेंबडं पोरही जाणतं. गोट्याला काठ नसतो. इकडचा तिकडे जातो, तिकडून कोणी उचलतो आणि इकडे फेकतो. एकच गोटा दिवसभरात कितीदा नदी ओलांडतो. लहानपणी तिनंच कुलदीपला हे सांगितलं होतं.

ती जिन्यावरून पडत-झडत खाली आली. कोणी उचलायच्या आत तो आपल्या हाती यायला हवा, एवढंच डोक्यात होतं. आला. तिनं झडप घातली आणि गोटा मुठीत धरला. चपटी बाजू तळहाताला लागली आणि बोटं त्याच्याभोवती आपोआप मिटली. इतका नीट बसला तो. तिनं वर पाहिलं. कुलदीप झाडापाशी पोचला होता. एक हात फांदीवर, दुसऱ्यानं कुऱ्हाड काढत होता. झाडाला वळसा घातल्यानं पाठ तिच्याकडे होती. कानामागचा तो भाग, जो तिनं लहानपणी शिकेकाईनं घासघासून धुतला होता, उन्हात स्वच्छ दिसत होता. बाळ माझं, तिला वाटलं. तिचं मन मायेनं काठोकाठ भरलं. दुसरं काहीच त्यात नव्हतं.

नारळ फुटल्याचा आवाज तिनं गर्दीतूनही ऐकला.

कुलदीप झाडाला धरून क्षणभर तसाच राहिला. मग त्याचे गुडघे दुमडले आणि तो तोंडावर पाण्यात गेला. कुऱ्हाड फांदीत अडकून राहिली.

नलिनीनं हात पुढे करून पाहिला. मूठ रिकामी होती. कोणी गोटा हिसकावून घेतला असेल, आजूबाजूला पोरंच पोरं होती, धक्काबुक्की चालली होती. खांदा मात्र दुखत होता, मुळापासून.

७

कुलदीपची तेरवी झाली. पोलीस आले, लिहून घेऊन गेले. कोणी कोणाला विचारलं नाही. गोटमारीत कोणाचा गोटा कोणाला लागला हे विचारत नाहीत, विचारलं तर दोन्ही काठांवर घरं पेटतील. लोधीखेड्याहून त्या पोरीचा बाप आला, कोपऱ्यात बसून रडला आणि गेला. नलिनीचा खांदा भरून आला होता. शकुबाई हळद लावून द्यायच्या आणि म्हणायच्या, "छाती बडवून बडवून भरला, बाई." नलिनी हो म्हणायची.

तुषार तिची सेवा करत होता. भरवत होता, केस विंचरत होता. तिला त्याचा गळा धरावासा वाटायला हवं होतं. ती राग येण्याची वाट पाहत राहिली. सकाळी उठून ती आधी तेच पाहायची, राग आला का. रडू यायचं, भूक मरायची, कुलदीपचा निळा सदरा छातीशी धरून ती ओरडायची. राग तेवढा येत नव्हता.

एका पहाटे ती तुषारच्या आधी उठली. झाडू तिच्या हातात कधी आला ते तिला आठवत नव्हतं. लिंबाच्या झाडाखाली केरात गोटा आला आणि तिचा हात थांबला. तिनं तो उचलला, तोलला, बोटं मिटली. नळाखाली धुतला. कोणाचा आहे ते तिला लगेच कळलं.

ती वळली. तुषार ओट्यावर पद्मासनात बसला होता, तिच्याकडे पाठ करून. रात्रीतूनच त्यानं डोक्याचा चकोट केला होता. डोकं थोडं पुढे झुकवलेलं.

"भेटला का?" त्यानं मागे न पाहता विचारलं.

"हाव."

"मंग उशीर नको करू, नलू. मी लय दिवसांचा वाट पाहून राहिलो."

आतून यशवंतराव चहासाठी हाक मारत होते. नलिनी गोटा घेऊन ओट्याच्या पायरीपर्यंत गेली. तिनं एकदा मनात राग शोधून पाहिला. कुठेच नव्हता.